स्मोकी माउंटन्समधली जुनी शेतघरं: गावाकडच्या सासूसासऱ्यांना दाखवावीत का?

मीनल_शार्लट
सासूबाई आणि सासरे ऑगस्टअखेरीस येतायत, थँक्सगिव्हिंगपर्यंत राहणार आहेत. दोघांनीही जन्मभर वाई तालुक्यात शेती केली. मॉल आणि मत्स्यालय मागच्या खेपेला झालं, त्यात त्यांचं मन रमलं नाही. यंदा नॉर्थ कॅरोलायना-टेनेसी सीमेवरच्या स्मोकी माउंटन्स नॅशनल पार्कला न्यायचं ठरतंय. चेरोकी गावाजवळ ओकोनालुफ्टीला 'माउंटन फार्म म्युझियम' आहे, डोंगरातल्या जुन्या वसाहतवाल्यांची घरं, गोठे, लोहारशाळा वगैरे. मला वाटतं त्यांना हेच आवडेल. नवरा म्हणतो, "ज्यांनी शेणानं सारवलेल्या घरात संसार केला त्यांना इतका खर्च करून ओंडक्यांची झोपडी काय दाखवायची?" शिवाय त्याच पार्कातलं जुन्या घरांचं खोरं, केड्स कोव्हही आहेच, दोन्ही करावं की एकच? ज्यांनी आईवडिलांना अशा ठिकाणी नेलंय त्यांनी जरूर लिहा.

घाटवाट
न्याच. तिकीट नाही. पार्कात शिरायला पैसे नाहीत, फक्त पंधरा मिनिटांपेक्षा जास्त गाडी लावायची तर मार्च २०२३ पासून पार्किंगचा टॅग लागतो: दिवसाचे ५ डॉलर, आठवड्याचे १५. शार्लटहून तीन-साडेतीन तास धरा. म्युझियम अगदी व्हिजिटर सेंटरला लागून, सपाटीवर, नदीकाठी. वयस्कर माणसांना चढउतार नाही.

भटकी_मांजर
वाचतेय. आम्हालाही जायचंय.

कणगी
मी तिथं सगळ्यात जास्त वेळ डेव्हिस यांच्या घराशी काढला. साधारण १९०० सालचं घर, पूर्ण अमेरिकन चेस्टनटच्या लाकडाचं. भिंती नीट बघा. ओंडका उभा चिरला की त्याच्या दोन फाका होतात. एक फाक या भिंतीत लावली आणि दुसरी बरोबर समोरच्या भिंतीत, त्याच उंचीला. त्यामुळं समोरासमोरच्या भिंती एकमेकींच्या जोडीच्या आहेत. हे सगळं हातकरवतीनं आणि कुऱ्हाडीनं. कोपऱ्यात ओंडक्यांना तिरकी खाच मारलीय, अशी की वरचं वजन पडलं की खालचा सांधा आणखी घट्ट बसतो आणि पावसाचं पाणी आत न मुरता बाहेर ओघळतं. एकही खिळा न मारता कोपरा उभा. सुतारकाम कळणाऱ्या माणसाला तिथून हलवणं अवघड. मीनलताई, सासऱ्यांनी कधी घर बांधून घेतलं असेल तर ते इथं अडकणार हे नक्की.

आणि चेस्टनटबद्दल. १९०४ मध्ये न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयात या झाडांवर एक बुरशी सापडली, बाहेरून आलेली. पुढच्या चाळीसेक वर्षांत सुमारे चार अब्ज झाडं गेली. डोंगरातल्या लोकांचं घर याच झाडाचं, कुंपण याचंच, डुकरं जंगलात याचीच फळं खाऊन लठ्ठ व्हायची आणि शरद ऋतूत पोतीच्या पोती बाजारात विकून बूट, मीठ, कॉफी घरात यायची. एका झाडावर उभा असलेला अख्खा व्यवहार कोसळला. आज तेवढ्या जाडीचं चेस्टनटचं लाकूड उभ्या जंगलात मिळत नाही, ते अशा जुन्या भिंतींतच बघायचं.

प्रश्नचिन्ह
घरं सुंदर आहेत, कुणी नाकारत नाही. पण अशा ठिकाणी 'पहिले वसाहतवाले' हा शब्द वाचला की मला थांबावंसं वाटतं. पहिले कुठले? तिथं चेरोकी आदिवासींची गावं होती, मक्याची शेतं होती, फळबागा होत्या. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कितीतरी चेरोकी कुटुंबं ओंडक्यांच्याच घरांत राहत होती. केड्स कोव्हमध्ये जॉन आणि ल्युक्रिशिया ऑलिव्हर १८१८ मध्ये आले. तो प्रदेश चेरोकींनी करारानं सोडला १८१९ मध्ये, म्हणजे हे आले तेव्हा जमीन यांची नव्हतीच. पहिल्या हिवाळ्यात ऑलिव्हर कुटुंबाची उपासमार व्हायची वेळ आली, तेव्हा चेरोकींनी वाळवलेला भोपळा दिला आणि म्हणून ते जगले, असं त्याच घराण्यात सांगितलं जातं. आणि मग १८३८ मध्ये सैन्यानं सुमारे सोळा हजार चेरोकींना पश्चिमेला हाकललं. त्यात चारेक हजार मेले असा अंदाज आहे.

शेतघर बघून हे न बघता परत येणं मला पटत नाही. चेरोकी गाव तिथून दोन मैलांवर आहे. जे डोंगरात राहू शकले त्यांचे वंशज आजही तिथंच आहेत. म्युझियम ऑफ द चेरोकी पीपल आधी करा आणि मग शेतघर. क्रम महत्त्वाचा.

घाटवाट
@प्रश्नचिन्ह, क्रमाबद्दल शंभर टक्के सहमत. त्यात भर म्हणून ओकोनालुफ्टी इंडियन व्हिलेज. १९५२ पासून चालू आहे, १७६० च्या सुमाराचं चेरोकी गाव उभं केलंय आणि दाखवणारे चेरोकीच आहेत. ओंडका जाळून, खरवडून डोंगी कशी पोखरायची, वेताची टोपली कशी विणायची हे समोर बसून करतात. हिवाळ्यात बंद असतं, ऑक्टोबरपर्यंत जायला हरकत नाही, पण दिवस बघून घ्या. गावात पाट्याही दोन लिप्यांत दिसतील. सिक्वोया यांनी १८२१ मध्ये तयार केलेली चेरोकी लिपी, प्रत्येक अक्षर म्हणजे एक उच्चार. माझ्या वडिलांना आपल्या बाराखडीशी तिचं नातं लगेच जाणवलं आणि ते दिवसभर पाट्यांचे फोटो काढत होते.

जाता जाता, क्लिंगमन्स डोम या शिखराचं नाव सप्टेंबर २०२४ मध्ये परत कुवोही झालंय. जुन्या ब्लॉगांवर नाव वेगळं दिसेल म्हणून सांगतो.

नॉक्सविलकर
आमच्या टेनेसीतल्या नॉरिसच्या म्युझियम ऑफ अपालेशियाचं नाव अजून कुणी घेतलं नाही म्हणून लॉगिन केलं! जॉन राइस अर्विन या गृहस्थांनी १९६९ मध्ये सुरू केलेलं. तिकीट आहे, पण ते वसूल होतं. डोंगरातून एकेक घर उचलून आणून मांडलंय, मार्क ट्वेनच्या आईवडिलांचं घरही त्यात आहे. मोठ्या दालनात कोंबडीच्या खुराड्यापासून घरी केलेल्या व्हायोलिनपर्यंत सगळं, आणि प्रत्येक वस्तूपुढं ती कुणी केली, कुठल्या खोऱ्यातली, कशासाठी वापरली ते लिहिलंय. वस्तूच्या मागचा माणूस दिसतो हे तिथलं वैशिष्ट्य. ४ जुलैला ऐरणीखाली बंदुकीची दारू भरून ऐरण आकाशात उडवतात. अंगणात मोर फिरतात, आईला सगळ्यात जास्त तेच आवडले.

भटकी_मांजर
टेनेसीत मोर?! 😄 आई म्हणाली असेल, एवढ्यासाठी विमानात बसवलंस होय!

नॉक्सविलकर
@भटकी_मांजर अगदी शब्दशः 😄 पण त्यानंतर तासभर मोराशी बोलत बसली होती.

गुळव्या
मीनलताई, तुम्ही सप्टेंबरातच जा. ओकोनालुफ्टीला सप्टेंबरच्या एका शनिवारी 'माउंटन लाइफ फेस्टिव्हल' असतो, तारीख पार्कच्या संकेतस्थळावर येते. त्या दिवशी सॉर्घमची, म्हणजे गोड ज्वारीची, काकवी काढतात. मी करवीर तालुक्यातला, घरचं गुऱ्हाळ होतं, त्यामुळं सविस्तर लिहितो.

खेचराला लांब आडव्या दांड्याला जुंपतात, ते गोल फिरतं आणि मधला लोखंडी चरक फिरतो. चरकात धाटं सारणारा माणूस खाली वाकून बसतो, कारण दांडा दर फेरीला त्याच्या डोक्यावरून जातो. हिरवा रस फडक्यातून गाळून लांबट, उथळ पत्र्याच्या काहिलीत येतो. खाली लाकडाचं चुलाण. काहिलीला आडवे कप्पे असतात, रस एका टोकाला कच्चा पडतो आणि कप्प्याकप्प्यातून वळत दुसऱ्या टोकाला शिजून निघतो. हे आपल्याकडं नाही, आपण एका काहिलीत एकच आधण काढतो. मळी मात्र तशीच. हिरवा फेस वर येतो, तो लांब दांड्याच्या झाऱ्यानं सतत काढत राहायचा. आपण रानभेंडीचा चिकट रस टाकतो त्यामुळं मळी गोळा होते, तिथं नुसत्या हातावर भिस्त. उकळीचे बुडबुडे लहान आणि फसफसते असतात तोवर रस पातळ, ते मोठे आणि जड झाले की उतरवायची वेळ आली. तिथला म्हातारा बुडबुड्यांकडेच बघत होता, थर्मामीटर नव्हता. आमचे आजोबा तसंच बघायचे. साधारण दहा गॅलन रसाची एक गॅलन काकवी होते.

उसाच्या रसाचा गूळ बसतो, सॉर्घमचा सहसा बसत नाही. त्यात ग्लुकोज-फ्रुक्टोजचं प्रमाण जास्त असल्यानं साखरेचे कण धरत नाहीत, काकवीच राहते. आणि सॉर्घम म्हणजे आपली ज्वारीच, फक्त धाटात रस असलेल्या जातीची. अमेरिकेत ती १८५० च्या दशकात आली. डोंगरात ऊस होत नाही आणि साखर विकत घ्यायला पैसा नाही, म्हणून घरोघरी एक पट्टा ज्वारीचा. आपल्याकडंही फलटणच्या निंबकर संस्थेनं 'मधुरा' हे गोड ज्वारीचं वाण काढलं आणि तिच्या काकवीवर बरीच वर्षं काम केलं.

शेतकरी माणसाला झोपडी दाखवायची का, असं तुमच्या घरच्यांनी विचारलंय. शेतकऱ्यालाच दाखवायची. बाकीचे लोक पाच मिनिटं बघून पुढं जातात. त्या चरकाशी थांबून प्रश्न विचारणारे मी आणि एक मेक्सिकन आजोबा एवढेच होतो.

मीनल_शार्लट
@गुळव्या, हा प्रतिसाद नवऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवला. सासऱ्यांच्या मामांचं गुऱ्हाळ होतं, हे त्यालाच आठवलं! सप्टेंबर पक्का. पण केड्स कोव्हचं काय?

कणगी
केड्स कोव्ह सुंदर आहे, पण मीनलताई, तिथं जे दिसतं त्याबद्दल मला एक मनापासून खटकतं. ११ मैलांचा एकेरी रस्ता, दोन्हीकडं कुरणं, अधूनमधून ओंडक्यांचं घर, पांढरं चर्च. बघणाऱ्याला वाटतं लोक १९३० पर्यंत असेच राहत होते. प्रत्यक्षात तेव्हा तिथं फळ्यांची रंगवलेली चांगली घरं होती, मोटारी होत्या. पार्क झाल्यावर ती नव्या धाटणीची घरं पाडली आणि जुनी ओंडक्यांची ठेवली, कारण 'डोंगरी वसाहत' अशीच दिसायला हवी होती. म्हणजे लोकांना काढलंच, वर ते होते त्यापेक्षा मागासलेले दाखवले. पार्कवाल्यांनी ही घरं राखली म्हणून आज बघायला मिळतात हे खरं, पण निवड त्यांनी केली आणि ती एकतर्फी होती. ओकोनालुफ्टीलाही घरं १९५० च्या दशकात वेगवेगळ्या खोऱ्यांतून आणून मांडलीत, त्यातला मोठा गोठा तेवढा मूळ जागेवरचा. पण तिथं ते सरळ म्युझियम म्हणूनच आहे, त्यामुळं मला कमी खटकतं.

प्रश्नचिन्ह
@कणगी, हे माहीत नव्हतं. धन्यवाद.

धरणकाठ
बरेच दिवस नुसता वाचत होतो, इथं लिहावंसं वाटलं. आमचं मूळ गाव कोयनेच्या पाण्यात गेलं. वडील तेव्हा लहान होते. त्यामुळं या पार्कचा इतिहास मी जरा शोधून वाचला.

पार्क १९३४ मध्ये झालं, पण ती जमीन पश्चिमेकडच्या पार्कांसारखी सरकारी नव्हती. दोन राज्यांनी सहा हजारांहून जास्त तुकडे विकत घेतले, काही खुशीनं दिलेले, काही कोर्टातून घेतलेले. निम्मे पैसे रॉकफेलर फंडानं दिले, पन्नास लाख डॉलर. केड्स कोव्हचा दुसरा एक जॉन ऑलिव्हर, पहिल्या ऑलिव्हरचा पणतू, वर्षानुवर्षं कोर्टात लढला आणि हरला. लिटल ग्रीनब्रायरच्या वॉकर बहिणींनी आपली जमीन ४,७५० डॉलरना दिली, पण मरेपर्यंत तिथंच राहायचा हक्क लिहून घेतला. शेवटची बहीण लुइसा १९६४ पर्यंत त्या घरात होती. सूत कातणं, गाई, भाजीपाला, सगळं चालू. त्यांचं घर आजही उभं आहे, पण चालत जावं लागतं.

आणि दक्षिणेकडं फोंटाना धरण. युद्धासाठी वीज हवी म्हणून १९४२ ते १९४४ मध्ये घाईनं बांधलं. पाणी चढलं तेव्हा उत्तर काठावरच्या गावांचा रस्ता बुडाला. सरकारनं नवा रस्ता करून देऊ असं लेखी दिलं. थोडा झाला, एक बोगदा झाला, आणि तिथंच थांबला. लोक त्याला 'कुठंही न जाणारा रस्ता' म्हणतात. २०१० मध्ये रस्त्याऐवजी ५२ दशलक्ष डॉलर द्यायचं ठरलं. त्या काठावर तिथून उठलेल्या लोकांच्या पूर्वजांची थडगी आहेत. आजही उन्हाळ्यात ठरलेल्या रविवारी पार्कवाले त्यांना होडीतून पलीकडं नेतात, ते थडगी साफ करतात, फुलं ठेवतात, जेवण करून परत येतात.

आमच्या गावचं देऊळ पाण्याखाली आहे. वडिलांना मी तो बोगदा दाखवला आणि होडीची गोष्ट सांगितली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "निदान नेतात तरी."

@प्रश्नचिन्ह, तुमचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. चेरोकींना आधी हाकललं. ज्यांनी ती जमीन घेतली त्यांच्या नातवंडांनाही शंभर वर्षांनी उठवलं. एकानं दुसरं माफ होत नाही, दोन्ही सांगितलं पाहिजे.

सुमेधा_रिचमंड
धरणकाठ, वाचून डोळे भरले. लिहीत राहा.

प्रश्नचिन्ह
@धरणकाठ, होय. दोन्ही.

सुमेधा_रिचमंड
या चर्चेत व्हर्जिनियातल्या स्टॉन्टनच्या फ्रंटियर कल्चर म्युझियमचा उल्लेख हवा. शार्लटहून लांब आहे, पण शेनँडोआला जाणार असाल तर वाटेवर. तिथं त्यांनी वेगळा विचार केलाय. वसाहतवाले आले कुठून, हे दाखवायला इंग्लंड, जर्मनी आणि आयर्लंडमधली शेतघरं उभी केलीत, आणि त्यांच्याच शेजारी पश्चिम आफ्रिकेतल्या इग्बो लोकांचं अंगण. कारण डोंगरात आलेले सगळेच आपणहून आले नव्हते. मातीच्या भिंती, गवताचं छप्पर, याम या कंदाची शेती. तिथून पुढं अमेरिकन घरं काळानुसार मोठी होत जातात. बँजो हे डोंगरी संगीताचं वाद्य म्हणून आपण ओळखतो, ते मूळ आफ्रिकन लोकांकडून आलंय.

स्मोकीजमध्येही हे शोधलं तर दिसतं. मिंगस मिल ही १८८६ ची मक्याची गिरणी म्युझियमच्या उत्तरेला अर्ध्या मैलावर आहे. तिथल्या पार्किंगजवळून एक छोटी पायवाट टेकाडावर जाते, वर बिननावाच्या साध्या दगडांच्या काही कबरी आहेत. त्या गुलाम म्हणून राबवलेल्यांच्या असल्याचं मानलं जातं. गिरणी बघायला आलेले बहुतेक लोक वर जात नाहीत. जा.

घाटवाट
मिंगस मिलला मोठं चाक शोधू नका, नाहीये. लाकडी पन्हळीतून पाणी येतं आणि खाली लोखंडी टर्बाइन फिरतं. तेव्हाच्या मानानं ते नवं तंत्र होतं. गिरणी चालू आहे की दुरुस्तीला, ते आधी विचारा.

सोलापुरी_चटणी
इतकं लिहिलं पण जेवायचं कुणीच सांगितलं नाही. मक्याचं पीठ मिळतं का तिथं? भाकरी होईल?

गुळव्या
@सोलापुरी_चटणी होईल, पण पीठ जाडंभरडं असतं, चाळून घ्या आणि उकड काढा. वर सॉर्घमची काकवी आणि लोणी. तिथले लोक मक्याच्या ब्रेडबरोबर असंच खातात.

कणगी
खाण्यावरून: राख गाळायचं लाकडी पात्र बघायला विसरू नका. इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराची फळ्यांची उभी कोठी, त्यात चुलीतली राख दाबून भरायची, वरून पाणी ओतायचं, खालून तपकिरी क्षारपाणी थेंबथेंब गळतं. तेच पाणी डुकराच्या चरबीत उकळून साबण, आणि त्यातच मका शिजवून त्याची साल काढायची. मक्याला राखेचं पाणी द्यायची रीत मूळची इथल्या आदिवासींची. तिच्यामुळं मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व अंगी लागतं. दक्षिणेत जिथं लोक नुसत्या मक्यावर राहिले आणि ही रीत सुटली तिथं पेलाग्रा हा नायसिनच्या कमतरतेचा रोग पसरला.

फिरस्ती_काकू
मीनल, अगं तू मूळ प्रश्न विचारलास त्याला सरळ उत्तर देते. मी माझ्या आईला, वय ७८, नेलं होतं. तिनं पहिल्या दहा मिनिटांत गोठा, मक्याची कणगी आणि झऱ्यावरची दुधाची खोली बघितली. थंड पाणी दगडी पन्हळीतून वाहतं आणि त्यात दुधाची भांडी ठेवायची, हे तिला फार पटलं. मग ती म्हणाली, "यांची चूल कुठाय?" आणि घरात जाऊन शेकोटीपुढं उभी राहिली. धूर कुठून जातो, भांडं कशावर टांगतात, बाई उभी राहून करायची की बसून, सगळं विचारलं. आत जुन्या वेषातली जी स्वयंसेवक बाई होती तिनं बिडाचं तीन पायांचं भांडं हातात दिलं. आईनं वजन बघितलं आणि म्हणाली, "हिचे खांदे गेले असणार." मी भाषांतर केलं. ती बाई म्हणाली, माझ्या आजीचे गेले होते.

म्हणून सांगते, ने. आणि जिथं माणसं काम करत असतात त्या दिवशी ने. नुसती रिकामी घरं असतील तर तासाभरात उरकतं. कणेरी मठावर आपल्याकडं बारा बलुतेदारांचे पुतळे किती हुबेहूब केलेत, मला ते आवडतात, पण पुतळ्याला प्रश्न विचारता येत नाही.

मीनल_शार्लट
काकू, हे वाचून सासूबाईंना आत्ताच फोन लावला. त्या म्हणाल्या, "चूल बघायला येते, पण डुकराचं काही खाणार नाही." 😄
ठरलं असं: शुक्रवारी चेरोकीत मुक्काम, त्याच दिवशी दुपारी चेरोकी म्युझियम. शनिवारी सकाळी उत्सव, दुपारी मिंगस मिल आणि वरची कबरस्थानाची वाट. रविवारी इंडियन व्हिलेज उघडं असेल तर ते. केड्स कोव्ह यावेळी सोडतेय.

घाटवाट
चांगलं केलंत. तिथून केड्स कोव्ह गाठायलाच दोन तास जातात आणि आत शनिवार-रविवारी गाड्यांची रांग. दोन गोष्टी लक्षात ठेवा. म्युझियमच्या शेतात संध्याकाळी एल्क, म्हणजे मोठी हरणं, येतात. इथले एल्क पार मारले गेले होते, २००१ पासून परत आणून सोडलेत. सप्टेंबर-ऑक्टोबर त्यांच्या माजाचा काळ, नर अंगावर येतो. १५० फूट अंतर ठेवा, सासऱ्यांना बैल समजून जवळ जाऊ देऊ नका. आणि तुम्ही शार्लटहून ७४ नंबरच्या रस्त्यानं अ‍ॅशव्हिलमार्गे याल ते ठीक, पण पुढं टेनेसीकडं आय-४० नं जायचा विचार असेल तर २०२४ च्या हेलीन वादळात पिजन नदीच्या घळीत तो रस्ता खचला होता, निघण्याआधी त्याची स्थिती बघा.

धरणकाठ
मीनलताई, सासऱ्यांना गुऱ्हाळाबद्दल काय वाटलं ते इथं येऊन नक्की लिहा.

गुळव्या
आणि काकवीची बाटली आणा. उत्सवात दुपारपर्यंत संपते, सकाळीच घ्या.